मेकअप दिसला नाही, तर जमला!

माझ्या साखरपुड्याचे फोटो आई आजही कुणाला दाखवत नाही. व्हिडिओत मी ठीकठाक, पण फ्लॅशच्या प्रत्येक फोटोत चेहरा पिठाच्या डब्यात घातल्यासारखा आणि हात माझेच, सावळे! मेकअपवालीने मला न विचारता दोन शेड गोरं केलं होतं. वर एसपीएफवालं क्रीम आणि पांढरी पावडर. सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड आणि एचडी पावडरमधली सिलिका फ्लॅशचा उजेड परत फेकतात. व्हिडिओच्या सलग लाइटमध्ये हे कळतही नाही.

परवा ऑफिसच्या शूटला मात्र मी शहाणी झाले होते. फाउंडेशन मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून खिडकीच्या उजेडात बघितलं. मानेच्या रंगात मिसळलं, की ती शेड आपली.

"थोडं ब्राइट करू या ना, मॅडम?"

"नको गं बाई!"

२०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'तलं 'फेअर' गेलं; मेकअप रूममधलं कधी जाणार?

नॅचरल म्हणजे काहीच न लावणं, असं नाही हं. कॅमेऱ्यात रंग फिके पडतात, म्हणून ब्लश रोजच्यापेक्षा किंचित जास्तच. कपाळ चमकलं तर आधी टिश्यूने टिपा, पावडरचे थर नकोत. कुरळे केस कुरळेच ठेवा; उडणाऱ्या बारीक केसांवर हेअरस्प्रे मारलेला टूथब्रश हलकेच फिरवला की झालं. आणि शूटआधी फ्लॅश टाकून एक ट्रायल फोटो मागाच.

माझा मी आईला पाठवला. तिने लगेच मावशीला फॉरवर्ड केला.