अकराशे विहिरींमागे एक बाटली

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे स्टेशन, लोहमार्गाने १९२ किलोमीटर. करोनाच्या विषाणूचा अख्खा जनुकीय मजकूर, २९,९०३ अक्षरं. आता हा मजकूर रुळांच्या कडेने मुंबईपासून पुण्यापर्यंत ओळीने मांडू या. एका अक्षराच्या वाट्याला जागा येते ६.४ मीटर, म्हणजे दर दहा-अकरा स्लीपरांमागे एक अक्षर. खिडकीची जागा पकडा आणि वाचत चला.

दादर गेलं, कल्याण गेलं. कर्जतला घाट चढायला मागून बँकर इंजिनं लागली. खंडाळ्याचे बोगदे संपले, १२८व्या किलोमीटरला लोणावळा आलं, चिक्कीवाले ओरडून गेले. आणि इतका वेळ आपण विषाणूचं एकच प्रकरण वाचतोय! पेशीत घुसल्यावर आपल्या प्रती कशा छापायच्या, एवढंच त्यात आहे. मळवली मागे पडते आणि १३८वा किलोमीटर ओलांडल्यावर प्रकरण बदलतं. इथे सुरू होतो स्पाइकचा जनुक, विषाणूच्या अंगावरच्या त्या कुप्रसिद्ध काट्यांचा. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी स्टेशनं जातात आणि देहूरोड यायच्या आत तो संपतोसुद्धा. ३,८२२ अक्षरं, साडेचोवीस किलोमीटर. अख्खा जनुक मावळच्या मुलखात!

जगाला नाचवणारे बदल याच पट्ट्यातले. कामशेत आणि वडगावच्या मध्ये कुठेतरी, २३,०६३व्या अक्षराशी, एका ‘ए’च्या जागी ‘यू’ येऊन बसला आणि अल्फा प्रकाराची गाजलेली खूण तयार झाली. एक अक्षर, बस्स. ओमिक्रॉनने तर मळवली-देहूरोडच्या या टप्प्यात तीसहून जास्त बदल केले. पुढच्या लाटेचा प्रकार ओळखायचा म्हणजे १९२ किलोमीटरमधली अशी बदललेली अक्षरं हेरायची.

पण हा मजकूर शोधायचा कुठे? गटारात! आजारी माणसाच्या विष्ठेतून विषाणूचे अवशेष सांडपाण्यात उतरतात, तिथून बाटली भरायची आणि वाचायचं. फक्त तिथे रूळ सलग मिळत नाही. जगभर रूढ असलेल्या एका पद्धतीत साधारण ४०० अक्षरांचे, एकमेकांवर चढणारे शंभरेक तुकडे वाचतात. आपल्या मापात एकेक तुकडा अडीच किलोमीटरचा. आणि हजारो माणसांचे तुकडे एकाच ढिगात! कुणाचं कर्जत, कुणाचं कामशेत, सगळं एकत्र कालवलेलं. त्यातून कोणते प्रकार किती प्रमाणात फिरताहेत, याचा हिशेब संगणक लावतो.

ढीग केवढा, तेही मोजू. २०११च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८. शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी प्रमाण माणशी रोज १३५ लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. गुणाकार करा: रोज ६२ लाख लिटर. पाच मीटर व्यासाची, दहा मीटर खोल, काठोकाठ भरलेली विहीर घेतली तर तिच्यात मावतात सुमारे १ लाख ९६ हजार लिटर. तेव्हा एकटं लोणावळा दिवसाला जवळपास ३२ विहिरी भरतं. आज ३२, उद्या आणखी ३२, वर्षाला साडेअकरा हजारांवर! आणि यात शनिवार-रविवारचे पाहुणे धरलेलेच नाहीत.

आता या ६२ लाख लिटरमध्ये एकच बाधित माणूस सोडू. विष्ठेच्या ग्रॅममागे विषाणूच्या प्रती शंभरापासून कोटीपर्यंत कितीही सापडू शकतात. आपण दहा लाख धरू, आणि दिवसाची विष्ठा दीडशे ग्रॅम. झाल्या १५ कोटी प्रती. पंधरा कोटी म्हटल्यावर छाती दडपते, पण सगळं पाणी एकाच ठिकाणी आलं असं मानून भागाकार करा. लिटरमागे उरतात २४.

चोवीस! एका विषाणूचं वजन साधारण ग्रॅमचा एक अंत्यांश. अंत्य म्हणजे एकावर पंधरा शून्यं. भास्कराचार्यांच्या यादीत त्याच्यापुढे फक्त मध्य आणि परार्ध उरतात. तेव्हा लिटरभर पाण्यात या चोवीस जणांचा वाटा वजनाने साधारण चार मध्यात एक. डोळ्यांपुढे येत नाही ना? रुपयांत बघू. चार मध्य पैसे म्हणजे चारशे लाख कोटी रुपये. अख्ख्या भारताचं २०२४-२५चं सकल देशांतर्गत उत्पादन सुमारे ३३० लाख कोटी. म्हणजे देशाच्या वर्षभराच्या उत्पादनाहून मोठ्या ढिगात एक पैसा पडलाय. रुपया नव्हे हो, पैसा! आणि तो शोधायचाय.

एकट्या माणसाचा माग लागणं अवघडच. पण बाधित शंभर झाले की लिटरमागे २,४०० प्रती होतात, आणि तिथे पीसीआर यंत्राची जादू चालते. ते दर फेरीला माल दुप्पट करतं. फेऱ्या चाळीस. एक रुपया चाळीस वेळा दुप्पट करून बघा. दहाव्या फेरीला १,०२४. विसाव्याला साडेदहा लाख. तिसाव्याला १०७ कोटी. चाळिसाव्याला १,०९,९५१ कोटी रुपये! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाजित खर्च होता १ लाख ८ हजार कोटी. एका रुपयात बुलेट ट्रेन, वर सुटे परत. आणि कागदावरचा हा चमत्कार उरकायला वेळ लागतो डेक्कन क्वीनच्या पुणे-मुंबई फेरीहून कमी.

आता तुम्ही विचाराल, लोणावळ्यात आषाढात गटाराला ओढ्याचं रूप येतं, तेव्हा काय? पाणी वाढलं की विषाणू विरळ होणारच. त्यावरही तोड आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातली. मिरचीवर एक विषाणू असतो, माणसाला निरुपद्रवी. ठेच्यातून, लोणच्यातून, तिखटातून तो आपल्या पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो, सुक्या विष्ठेच्या ग्रॅममागे शंभर कोटीपर्यंत! तोही त्याच बाटलीत मोजायचा. करोनाबरोबर मिरचीवालाही निम्म्यावर आला तर समजायचं, पावसाने पाणी दुप्पट केलंय, करोना घटलेला नाही.

गटार वाचण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राने २००१मध्येच मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओ शोधायला सुरुवात केली. पोलिओची लागण झालेल्या सुमारे दोनशे जणांत एकालाच लुळेपणा येतो. दवाखान्याला तो एक दिसतो, गटाराला दोनशेच्या दोनशे!

आणि करोनाचा हा शोध माणूस माणूस तपासून घ्यायचा म्हटलं तर? एप्रिल २०२१ला महाराष्ट्रात खासगी प्रयोगशाळेतली आरटीपीसीआर चाचणी ५०० रुपयांवर आली. लोणावळ्याच्या ५७,६९८ जणांचे झाले २ कोटी ८८ लाख, फक्त एका फेरीचे. एकेका मीटरवर उभं केलं तर ही रांग लोणावळा स्टेशनातून निघेल, मळवली, तळेगाव, चिंचवड, दापोडी ओलांडेल आणि थेट खडकी गाठेल. आठवड्याने पुन्हा तीच रांग, पुन्हा तेवढेच पैसे.

आता पुण्यात जे घडलं ते ऐका. शहराची तेव्हाची दहा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, भैरोबा, नायडू, विठ्ठलवाडी, बाणेर, मुंढवा वगैरे. एकूण क्षमता दिवसाला ५६ कोटी ७० लाख लिटर. म्हणजे रोज सुमारे २,८९० विहिरी! मावळातलं साडेआठ टीएमसीचं पवना धरण या पाण्याने चौदा महिन्यांत तुडुंब भरेल. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह या दहा केंद्रांतून नमुने घेतले. सहा महिन्यांत केंद्रांची क्षमता भरते दहा हजार कोटी लिटर. नमुने घेतले ४४२. बाटली लिटरची धरली, तर २३ कोटी लिटरमागे एक बाटली. अकराशे ऐंशी विहिरी वाहून जाऊ द्यायच्या आणि त्यातून एक लिटर उचलायचा!

तेवढ्यात हाती काय लागलं? विषाणूचे वेगाने पसरणारे १७ प्रकार, आणि त्यांचे वेगवेगळे वंश किती म्हणाल? ४२६! डेल्टा ओसरला, ओमिक्रॉन चढला, त्याचा उपप्रकार बीए.१ आला, मग बीए.२ने त्याला ढकललं, आणि हे सगळं बाटल्यांत टिपलं गेलं. ४४२ बाटल्या म्हणजे दोन-तीन पिंपांत मावेल एवढं पाणी. लाखो पुणेकरांची खबर त्यात आली, आणि त्यासाठी एकालाही नाक पुढे करावं लागलं नाही!