पहारा संगणकावरचा: शिरूर-दौंडच्या मुलामुलींसाठी एक वाट

दौंडकरांना खाकी गणवेश नवा नाही. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ इथेच आहेत. शिरूरच्या घरांना रांजणगावची एमआयडीसी ओळखीची आहे. पण सायबर सुरक्षा आणि गुप्तवार्ता या सरकारी सेवेविषयी आपल्या घरांत क्वचितच बोलले जाते. इथे पहारा वेशीवर नसतो, संगणकावर असतो.

या पहाऱ्याची गरज पुण्याने अनुभवली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. दोन दिवसांनी आणखी काही रक्कम हाँगकाँगला वळवण्यात आली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. भारतातल्या एटीएमवर उभे राहून पैसे काढणारे मात्र इथलेच होते. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

असे हल्ले ओळखण्याचे आणि रोखण्याचे काम देशपातळीवर २००४ पासून ‘सर्ट-इन’ ही संस्था करते. वीज, बँका, रेल्वे यांसारख्या अत्यावश्यक यंत्रणांच्या संगणकीय संरक्षणासाठी २०१४ मध्ये वेगळे केंद्र स्थापन झाले. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार ज्या १९३० क्रमांकावर करतो, त्यामागेही केंद्रीय गृह मंत्रालयाची यंत्रणा आहे.

तिथे पोहोचायचे कसे? गुप्तवार्ता विभागात, म्हणजे आयबीमध्ये, दहावी उत्तीर्णांपासून भरती होते. त्या पदाला स्थानिक भाषा यावी लागते. तांत्रिक पदांसाठी संगणक वा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका किंवा बीसीए चालते. अधिकारी पदाची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. संगणक विषयात पदवी घेतलेल्यांसाठी पुण्यातल्या सी-डॅकमध्ये माहिती सुरक्षेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर पोलीस भरतीचा मार्गही आहेच. सायबर पोलीस ठाण्यांना संगणक जाणणारे हात हवेच असतात. संगणकावरच्या या कामात मुलींनी मागे राहण्याचे काहीच कारण नाही. वयाची अट जाहिरातीत नीट वाचावी. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल, तर दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

“आपल्या मुलांना तिथे कोण घेणार?” हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. सय्यद आसिफ इब्राहिम हे आयपीएस अधिकारी २०१३ आणि २०१४ ही दोन वर्षे याच आयबीचे प्रमुख होते. एका नावाने सगळ्या शंका मिटत नाहीत, हे खरे. पण न भरलेल्या अर्जाला निवडीची संधीच नसते.

खरी अडचण वेगळीच असू शकते. निवडीनंतर उमेदवाराची आणि त्याच्या पूर्वायुष्याची कसून पडताळणी होते. आज कॉलेजच्या मुलांना दोन-चार हजारांचे आमिष दाखवून त्यांचे बँक खाते किंवा सिमकार्ड ‘वापरायला’ मागितले जाते. फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. खाते ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. मित्राच्या शब्दाखातर दिलेले एक पासबुक पुढची सगळी मेहनत पाण्यात घालू शकते. न तपासता पुढे पाठवलेला भडक संदेशही तसाच अंगाशी येतो. म्हणून अम्मी-अब्बांनी मुलांना गुणांबरोबरच हेही विचारावे: तुझे खाते, तुझा मोबाइल आणखी कोणी वापरते का?

या सेवेत नाव छापून येत नाही आणि कामाविषयी घरीही बोलता येत नाही. ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणे आणि सोपवलेले जपणे यालाच आपण अमानत म्हणतो. ही तालीम मुलांना घरातच मिळते. तिला आता संगणकाच्या अभ्यासाची जोड द्यायची आहे.