अक्विला आणि सुवर्णगरुड

लॅटिन भाषेत गरुडाला ‘अक्विला’ म्हणतात. वसईकरांच्या कानी हा शब्द पडतो तो चर्चमध्ये, आणि तोही माणसाचं नाव म्हणून. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे तंबू बनवणारं यहुदी जोडपं भेटतं. सम्राट क्लॉडियसच्या हुकमामुळे रोम सोडून ते करिंथला आलेलं असतं. आपल्याकडे गरुड आडनाव असतं, तसंच हे.

कोशकार ‘अक्विला’चा संबंध ‘अक्विलस’ या विशेषणाशी लावतात. त्याचा अर्थ काळपट, गडद तपकिरी. आधी रंग की आधी पक्षी, यावर मात्र भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही. पुढे हाच शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत ‘ईगल’ होऊन उतरला. १५३४ ते १७३९ या काळात वसईवर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत तो ‘आगिआ’ झाला. संस्कृतातला ‘गरुड’ मात्र ‘गॄ’ म्हणजे गिळणे या धातूशी जोडला जातो. रोमनांच्या नजरेत रंग भरला, आपल्या पूर्वजांच्या नजरेत भूक.

रोमन सैन्यात ‘अक्विला’ला आणखी एक अर्थ होता: लीजनचं निशाण. काठीच्या टोकावर धातूचा गरुड, आणि तो वाहणारा शिपाई ‘अक्विलिफर’. त्याआधी लांडगा, मिनोटॉर, घोडा आणि रानडुक्कर अशीही निशाणं असत. थोरला प्लिनी सांगतो की मारियसनं आपल्या दुसऱ्या कॉन्सलपदाच्या काळात, म्हणजे इ.स.पू. १०४ मध्ये, बाकीची काढून फक्त गरुड ठेवला. तो शत्रूच्या हाती लागणं ही मोठी नामुष्की. इ.स.पू. ५३ मध्ये कार्हाईच्या लढाईत पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससची फौज कापून काढली आणि निशाणं नेली. इ.स.पू. २० मध्ये ऑगस्टसनं ती वाटाघाटींनी परत मिळवली आणि त्याची नाणी पाडली.

मारियसच्याच सुमारास विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलानं वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. तो तक्षशिलेहून आला होता आणि स्वतःला भागवत म्हणवत होता. तो दगडी खांब आजही उभा आहे. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनाआधी भाविक ज्याला मिठी मारतात, तो गरुडखांब याच परंपरेतला.

गरुडाचं निशाण वसईच्या आसपासही होतं. वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीपासून काही किलोमीटरवर नालासोपारा आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. त्याच सोपाऱ्याचं नाव पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘सुप्पारा’ असं येतं. पुढे हा सारा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहारांचा झाला. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड आहे आणि बिरुदावलीत ‘सुवर्णगरुडध्वज’ ही पदवी.

या राजांनी आपला मूळपुरुष म्हणून निवडला तो जीमूतवाहन. या विद्याधराची कथा हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात आहे आणि सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही. करारानुसार गरुडाला रोज एक नाग द्यावा लागे. शंखचूड नागाची पाळी आली तेव्हा त्याच्याऐवजी जीमूतवाहन स्वतः वध्यशिलेवर जाऊन बसला. गरुडानं त्याला फाडायला सुरुवात केली, मग चूक कळली, पश्चात्ताप झाला आणि नागांची हत्या थांबली. शिला आणि आहार मिळून ‘शिलाहार’, अशी या घराण्याच्या नावाची फोड त्यातूनच आली. म्हणजे गरुड मुद्रेवर मिरवणारे राजे वंश सांगत होते तो गरुडाचा घास झालेल्याचा.

निशाणावरून आकाशाकडे वळलं की नावांचा घोळ सुरू होतो. एव्हरशाईन सिटीतल्या इमारतींवर घिरट्या घालणारा पक्षी बहुतेकदा साधी घार असतो. विष्णूचं वाहन म्हणून लोक ज्याला हात जोडतात, ती तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार. खाडीकाठी, मासळीच्या आसपास ती दिसते. फ्रेंच पक्षितज्ज्ञ ब्रिसाँ यांनी १७६० मध्ये ‘अक्विला’ ही प्रजाती शास्त्रात आणली. त्या प्रजातीतला ‘अक्विला फॅसिआटा’ महाराष्ट्रातल्या डोंगराळ भागात आढळतो, पण मराठीत त्याचं नाव मोरघार. आणि जंगलात साप टिपणारा, ज्याला आपण ऐटीत तुरेवाला सर्पगरुड म्हणतो, त्याचं शास्त्रीय नाव ‘स्पिलॉर्निस चीला’; त्यातला ‘चीला’ म्हणजे आपल्याकडची चील, घार. लॅटिन नावाचा गरुड मराठीत घार आणि मराठी नावाचा गरुड शास्त्रात चील!

पक्ष्यापेक्षा त्याच्या निशाणानं माणसांना जास्त ओढून नेलं, हे दोन्हीकडे खरं. फरक निशाणाच्या मागे कोण चालतं यात आहे. रोमचा गरुड लीजनपुढे चाले आणि जिथे जाई तिथला मुलूख मागे. दिंडीतले गरुडटके, म्हणजे गरुडाचे ध्वज, वारकऱ्यांच्या खांद्यावर असतात. ते हरवल्याची लाज नाही आणि जिंकायला मुलूखही नाही. पंढरी गाठायची, एवढंच. गिळणाऱ्या पक्ष्याचं नाव ज्यांनी ठेवलं, त्यांनीच त्याची भूक आवरणारी गोष्ट रचली आणि त्याला भजनाच्या मेळ्यात आणून उभं केलं. रोमला आपल्या गरुडाकडून असं काही मागावंसं वाटलं नाही.