आपणच आपले मास्तर



शाळेत शिकवायचं असेल तर आधी डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) किंवा बी.एड. करावं लागतं. पाठाचं टाचण कसं काढायचं, प्रश्न कसा विचारायचा, फळा कसा वापरायचा याचे रीतसर धडे असतात. सरावपाठ होतात, मागच्या बाकावर निरीक्षक बसतात. इंजिनिअरिंग कॉलेजात मात्र गंमतच आहे. एम.टेक. झालं, मुलाखत झाली, की हातात खडू आणि समोर साठ जण! बीम कसा वाकतो हे आम्हाला कोणीतरी शिकवलेलं असतं. ते दुसऱ्याला कसं शिकवावं, हे मात्र कोणीच शिकवलेलं नसतं.

ही उणीव भरून काढण्यासाठी ए.आय.सी.टी.ई.ने नव्या शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण आखलं आहे. नाव लांबलचक आहे – ‘नॅशनल इनिशिएटिव्ह फॉर टेक्निकल टीचर्स ट्रेनिंग’. यात आठ मोड्यूल्स आहेत आणि ती ‘स्वयम’ या केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या ऑनलाइन व्यासपीठावर ज्याची त्याने पूर्ण करायची असतात. अभ्यासक्रमाची आखणी, नीतिमूल्यं, संवाद, पाठाचं नियोजन, मूल्यमापन असे एकेक विषय. त्यातल्या पाचव्या मोड्यूलचा विषयच मुळी तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकणं आणि आयुष्यभर स्वतःचं स्वतः शिकत राहणं हा आहे. म्हणजे जे शिकायचं, तेच करत करत शिकायचं! त्यातून माझी झालेली पहिली मतं तुमच्यापुढे मांडावीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. इथे बेल होत नाही. हजेरी नाही, ‘मागचे दोघं उभे राहा’ नाही. स्वयमवरच्या कोर्सचे साधारण चार भाग असतात – व्हिडिओ, वाचायचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायची जागा. सगळं ताटात वाढून ठेवलेलं. जेवायचं की नाही, कधी आणि किती, हे तुमचं तुम्ही बघा. दोन-तीन दिवस हे स्वातंत्र्य फार आवडतं. चौथ्या दिवशी सबमिशनचे गठ्ठे तपासायचे असतात, पाचव्या दिवशी ओरल असते, आणि व्हिडिओ बिचारे वाट बघत पडून राहतात.

हे असं का होतं, याचं सगळ्यात सरळ उत्तर मला माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाकडे मिळालं. स्वयंअध्ययनावरचं त्याचं पुस्तक १९७५ सालचं आहे, म्हणजे इंटरनेटच्या कितीतरी आधीचं. तो म्हणतो, स्वतःचं स्वतः शिकणाऱ्याला पाच कामं करावी लागतात. एक, आपल्याला काय येत नाही ते ओळखणं. दोन, काय साध्य करायचं ते ठरवणं. तीन, साधनं शोधणं. चार, शिकायची पद्धत निवडून ती अमलात आणणं. पाच, जमलं की नाही ते तपासणं.

आता ही यादी आपल्या कॉलेजला लावून बघा. काय येत नाही ते सिलॅबस सांगतो. ध्येय विद्यापीठ ठरवतं. साधनं झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. पद्धत म्हणजे टाइमटेबल आणि पंच्याहत्तर टक्के हजेरी. तपासणी पेपरमध्ये होते. पाचही कामं दुसरंच कोणीतरी करत असतं, आणि तेही पहिलीपासून! मग एक दिवस आपल्या हातात लिंक येते. ही लिंक पाचांपैकी तिसरं काम करते – साधन आणून देते. उरलेली चार कामं ती बहुतांशी आपल्यावर सोडून देते, आणि तीच करायची सवय आपल्याला कधी लागलेली नसते.

तंत्रज्ञानाने शिकवायचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहावरून सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम पोचले होते. १९८४ पासून यू.जी.सी.ची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ टीव्हीवर दिसू लागली. २००३ मध्ये आय.आय.टी. आणि बंगळूरच्या आय.आय.एस्‌सी.ने मिळून एन.पी.टी.ई.एल. सुरू केलं. प्रत्येक टप्प्यावर साधन अधिक लांब पोचलं, आज ते हॉस्टेलच्या कॉटवर उशीशेजारी येऊन पडलं आहे. तरी आकडे काय सांगतात? हार्वर्ड आणि एम.आय.टी.च्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. २०१७-१८ साली नाव घालणाऱ्या शंभरातल्या साधारण तिघांनी कोर्स पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत मात्र हेच प्रमाण ४६ टक्के होतं. अर्थात नुसतं डोकावायला येणारेही पुष्कळ असतात, त्या सगळ्यांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी आधीच काहीतरी ठरवलेलं असतं ते टिकतात, एवढं नक्की.

ठरवायचं म्हणजे काय, हे कोर्समध्ये छान कळतं. पाठाचं उद्दिष्ट लिहिताना ‘समजेल’ हे क्रियापद चालत नाही. १९५६ मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शिकण्याच्या पायऱ्यांची उतरंड मांडली, २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. आठवणं, समजणं, वापरणं, पृथक्करण, मूल्यमापन, नवनिर्मिती अशा त्या पायऱ्या. मग ‘विद्यार्थ्याला बेंडिंग मोमेंट समजेल’ याऐवजी ‘दिलेल्या बीमची आकृती काढून कमाल मोमेंट कुठे येतो ते विद्यार्थी दाखवेल’ असं लिहायचं. फरक बारीक वाटतो, पण दुसरं वाक्य तपासता येतं. तुम्हीही ‘आज एस.ओ.एम. करायचं’ असं न ठरवता ‘आज ओव्हरहँगिंग बीमची दोन गणितं पुस्तक मिटून सोडवायची’ असं ठरवून बघा. झालं की नाही, हे रूममेटलासुद्धा सांगता येईल.

दुसरा मुद्दा व्हिडिओचा. एडएक्सवरच्या ६९ लाख वेळा झालेल्या व्हिडिओ-पाहणीचा अभ्यास फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यक वेळ जास्तीत जास्त सहा मिनिटं निघाला! आमचं लेक्चर साठ मिनिटांचं असतं, हे स्टाफरूममधल्या मंडळींनी लक्षात घ्यावं (मी स्वतः घेतलं आहे).

आणि तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा, खास करून पी.एल.मध्ये. रॉडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मिटला आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! व्हिडिओचं तसंच असतं. समोरचे सर गणित सोडवत असतात, प्रत्येक पायरी पटते, आपण मान डोलावतो. पटणं आणि येणं यांतलं अंतर कोऱ्या कागदावरच कळतं. म्हणून पाचवं काम, स्वतःला तपासायचं, कधीही सोडू नये.

हेच वर्गात करून बघायचं ठरवलं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरलेली एक पद्धत आहे. प्रश्न विचारायचा, हात वर करून मतं घ्यायची, शेजाऱ्याशी वाद घालू द्यायचा आणि पुन्हा मतं घ्यायची. मी विचारलं, “चार मीटरचा सिंपली सपोर्टेड बीम. मध्यभागी १० किलोन्यूटनचा एकच भार. तोच भार पूर्ण लांबीवर सारखा पसरवला तर कमाल मोमेंट तेवढाच, निम्मा की दुप्पट? बीमचं वजन सोडून द्या.” ‘तेवढाच’ला भराभर हात वर गेले. भार तोच ना! मग बाकाबाकांवर जुंपली. कोणीतरी वही काढली, पहिल्याचं उत्तर १० किलोन्यूटन-मीटर आणि दुसऱ्याचं ५. निम्मा! हा निकाल मी न सांगता वर्गानेच लावला. तरी मला त्यात पुरेसं काम होतं. नेमका प्रश्न निवडणं, गप्प राहणं आणि अडलेल्या बाकाजवळ जाऊन उभं राहणं.

यावर एकाने मागून विचारलंच, “मॅडम, मग लेक्चर कशाला? लिंक ग्रुपवर टाका ना, रूमवर बघतो.”

“टाकते रे, पण बघितल्यावर काय करणार ते आधी सांग,” मी म्हटलं. तो हसला, वर्गही हसला.

हसण्यावारी गेलं, तरी प्रश्न खरा आहे. ज्याला घरातून, शाळेतून स्वतःचा अभ्यास आखायची सवय लागली आहे तो लिंकवरून भरपूर शिकेल. जो मराठी माध्यमातून आला आहे, पहिल्या वर्षाच्या इंग्रजीशी झगडतो आहे, घरी विचारायला कोणी नाही, त्याला नुसती लिंक दिली तर तो आणखी मागे पडेल, आणि त्याने विचारलं नाही तर आम्हाला कळणारही नाही. खरं म्हणजे व्हिडिओ त्याच्यासाठीच सगळ्यात उपयोगी आहे. तो थांबवता येतो, मागे नेता येतो, ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायचा संकोच वाटत नाही. आय.आय.टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’मध्ये तर सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजातही आहेत. एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला स्वतः करून बघायचं, अशीच त्यांची रचना आहे. पण काय बघायचं आणि बघून झाल्यावर काय करायचं, ही सवय कोणीतरी लावून द्यावी लागते. ती लावणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे, आणि लिंक पाठवून ते संपत नाही.

म्हणून एक सोपा प्रयोग सुचवते. व्हिडिओ सुरू करण्याआधी चिठ्ठीवर एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर आज हवं आहे. साताठ मिनिटांनी थांबा, स्क्रीन पालथी घाला आणि आठवेल ते लिहा. अडलं तेवढंच पुन्हा बघा. शेवटी रूममेटला समजावून सांगा, तो जांभया देत असला तरी! आणि एवढं करूनही प्रश्न सुटला नाही, तर ती चिठ्ठी घेऊन सरळ स्टाफरूममध्ये या. कोरी वही घेऊन ‘मॅडम, काहीच कळलं नाही’ म्हणण्यापेक्षा चिठ्ठीवरच्या प्रश्नाने आपलं दोघांचंही काम सोपं होईल.