मधमाशीची साक्ष

जंतू म्हणजे रोग आणि जंतूंचा नाश म्हणजे आरोग्य, हे समीकरण आपल्या मनात शालेय वयापासून पक्के बसलेले असते. प्रतिजैविकांनी गेल्या शतकात असंख्य प्राण वाचविले, त्यामुळे ते अधिकच दृढ झाले. परंतु हे समीकरण अपुरे आहे. आणि हा अपुरेपणा किती महागात पडतो, याचा ठोस पुरावा नॅन्सी मोरान या अमेरिकन विदुषींच्या संशोधनाने पुढे आणला आहे. तो मिळाला मधमाशीच्या आतड्यात.

मोरान यांचा मूळ अभ्यासविषय पिकांवर पडणारा मावा. ही कीड केवळ झाडाचा रस शोषून जगते. त्या रसात साखर भरपूर, पण शरीर घडविण्यास लागणारी अमिनो आम्ले तुटपुंजी. ही उणीव माव्याच्या पेशींतच वस्ती करणारे बुखनेरा नावाचे जिवाणू भरून काढतात, आणि आईकडून पिलाकडे ते जन्मापूर्वीच जातात. मोरान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, या दोहोंच्या वंशवृक्षांच्या फांद्या परस्परांशी जुळतात, आणि हे सहजीवन १६ ते २८ कोटी वर्षांचे असावे. जंतूवाचून जगणेच अशक्य असलेला असा हा जीव आहे.

पुढे त्या मधमाशीकडे वळल्या. प्रौढ मधमाशीच्या आतड्यात प्रामुख्याने आठच जातींचे जिवाणू असतात. कोशातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माशीच्या पोटात ते जवळजवळ नसतात. पोळ्यातील इतर माश्यांच्या सहवासातून ते तिला लाभतात. आता अमेरिकेतील मधमाशीपालक १९५० च्या दशकापासून, अळ्यांना होणाऱ्या रोगांच्या निवारणार्थ, पेट्यांमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लीन नेमाने घालीत आले. औषध रोगजंतूंसाठी होते; परंतु त्याचा मारा या निरुपद्रवी जिवाणूंवरही होत राहिला.

त्याचे फळ २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. अमेरिकेच्या निरनिराळ्या भागांतील मधमाश्यांच्या जिवाणूंत या औषधाला दाद न देणारी आठ प्रकारची जनुके सापडली. काही जनुके औषध पेशीबाहेर उपसून टाकतात, तर काही पेशीतील प्रथिने घडविणाऱ्या यंत्रणेला औषधापासून संरक्षण देतात. ज्या देशांत मधमाश्यांना प्रतिजैविके दिली जात नाहीत, तेथील नमुन्यांत अशी तीनच जनुके आढळली, आणि तीही विरळा. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, अमेरिकन मधमाश्यांतील ही जनुके माणसाच्या रोगजंतूंत व पाळीव जनावरांच्या जिवाणूंत आढळणाऱ्या जनुकांशी जवळजवळ तंतोतंत जुळत होती. जिवाणू अशी जनुके एकमेकांना देऊ शकतात. आजचा निरुपद्रवी जिवाणू उद्याच्या रोगजंतूचे शस्त्रागार ठरू शकतो, तो असा.

खुद्द मधमाशीचे काय झाले? २०१७ मध्ये मोरान यांच्या प्रयोगशाळेने काही माश्यांना टेट्रासायक्लीन देऊन, खूण करून पोळ्यात परत सोडले. तीन दिवसांनी औषध न दिलेल्या माश्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश सापडल्या; औषध दिलेल्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश. आतड्यातील साथीदार उणावल्यामुळे संधिसाधू रोगजंतूंपुढे त्या दुबळ्या ठरत होत्या. रक्षणार्थ दिलेले औषधच रक्षकांच्या मुळावर आले होते.

अमेरिकेत २०१७ पासून मधमाश्यांना हे औषध देण्यास पशुवैद्याची संमती आवश्यक झाली. भारत सरकारनेही २०१९ मध्ये, अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टीन या माणसासाठी अखेरचा आधार असलेल्या औषधाच्या वापरास बंदी घातली. ही पावले योग्यच आहेत. परंतु विषाणूजन्य सर्दीतापावर, जेथे प्रतिजैविकांचा काडीमात्र उपयोग नाही तेथे, ती मागणारा रुग्ण आणि ती देणारा दुकानदार यांचे हात केवळ कायद्याने आवरले जात नाहीत.

या संशोधनात आशेलाही जागा आहे. ज्या मधमाश्यांच्या वसाहतींना २५ वर्षे औषध दिले गेले नव्हते, त्यांत ही जनुके विरळ झालेली आढळली. संयमाचे फळ मिळते, पण त्यास पाव शतक लागू शकते. अनावश्यक गोळी घेताना हा हिशेब प्रत्येकाने ध्यानात ठेवावा, कारण तिची किंमत घेणारा एकटाच चुकती करीत नाही.