भिंत आपली, जाहिरात दुसऱ्याची

हडपसरच्या गाडीतळावर उभे राहा. एक रस्ता सोलापूरकडे जातो, दुसरा सासवडकडे. सासवडच्या रस्त्याने पुढे गेले की रंगवलेल्या भिंती दिसतात. कुठे सिमेंटची जाहिरात, कुठे बियाण्याची, कुठे शिकवणीच्या वर्गाची. भिंत घरमालकाची, जाहिरात कंपनीची. कंपनी भिंत रंगवून देते, कधी वर चार पैसेही देते. घर रस्त्यावर आहे, एवढेच मालकाचे भांडवल.

इंटरनेटवर अशीच भिंत बांधता येते. तिला वेबसाईट म्हणतात. संकेतस्थळ असा मराठी शब्द आहे, पण लोकांच्या तोंडी वेबसाईटच बसली आहे. आपणही तेच म्हणू. नोकरी किंवा शेती सांभाळून काही लोक हा जोडधंदा करतात. घरी दोन म्हशी ठेवाव्यात, तसा. म्हैस मात्र संध्याकाळी दूध देते. ही म्हैस वर्ष-दीड वर्ष नुसता चारा खाते, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम वेबसाईटला नाव घ्यावे लागते. त्याला वर्षाला साधारण पाचशे ते हजार रुपये पडतात. हे नाव कायमचे आपले नसते. खंडाने घेतलेल्या जमिनीसारखे असते. दरवर्षी खंड भरावा लागतो. भरायला विसरलात की नाव दुसरा घेऊन जातो. मग पाने ठेवायला जागा लागते. तिचे भाडे निराळे. काही ठिकाणी जागा फुकट मिळते, पण ती दुसऱ्याच्या अंगणातली. तो ऊठ म्हणाला की उठायचे. हडपसरकरांना हे फोड करून सांगायला नको. मगरपट्ट्याच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेंहून अधिक एकर जमीन बिल्डरला विकून टाकली नाही. २००० सालाच्या सुमारास त्यांनी स्वतःच कंपनी काढली आणि तिचे भागीदार झाले. जागा आपली राहिली की काय होते, ते तिथे जाऊन पाहावे.

भिंत बांधली. आता तिच्यापुढून माणसे गेली पाहिजेत, होय ना? ती का येतील? त्यांना हवे ते तिथे असेल तरच येतील. माझा भाचा कंपनीत पाळीवर जातो. त्याचे गाव पुरंदर तालुक्यात. तिकडचे अंजीर तुम्ही खाल्ले असेल. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अंजिराचे दोन बहार असतात, खट्टा आणि मीठा. कोणता बहार कधी धरावा, तांबेरा आला तर काय करावे, सीताफळाची छाटणी केव्हा करावी, हे भाच्याने वडिलांना विचारून साध्या मराठीत लिहिले. फोटो स्वतः काढले. पहिल्या महिन्यात वाचणारे आम्ही घरचेच होतो. आठव्या महिन्यात दिवसाला दोनशे माणसे येऊ लागली.

आता जाहिरात कुठून येते ते पाहू. भिंतवाला दुकानदाराकडे जात नाही. मध्ये एक मध्यस्थ असतो. गूगल कंपनीने २००३ साली ॲडसेन्स नावाची अशी सोय काढली. तिच्यासारखे दुसरेही मध्यस्थ आहेत. दुकानदार गूगलला पैसे देतो, गूगल जाहिरात आपल्या पानावर लावते. दुकानदाराच्या शंभर रुपयांतले सुमारे ६८ रुपये वेबसाईटच्या मालकाला मिळतात. हिंदी पानांना ही सोय २०१४ च्या डिसेंबरात मिळाली, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर बोट लावले की पैसे मिळत. २०२४ पासून ॲडसेन्समध्ये जाहिरात किती वेळा दिसली, त्यावर पैसे मिळतात.

किती मिळतात? पाटी घ्या, हिशेब करू. दर रोज बदलतो, म्हणून आकडा समजण्यापुरता धरू. हजार वेळा जाहिरात दिसली तर ४० रुपये. रोज २०० माणसे, म्हणजे महिन्याला ६,०००. सहा गुणिले चाळीस, २४० रुपये झाले. बस्स! आणि तेही लगेच हाती येत नाहीत. शंभर डॉलर, म्हणजे साधारण नऊ हजार रुपये, साठल्याशिवाय ॲडसेन्स पैसे पाठवत नाही. २४० च्या चालीने त्याला तीन वर्षे लागतील. रोज दोन हजार माणसे आली तर चार महिने.

कागदपत्रे नीट लागतात. वय १८ पूर्ण हवे, बँकेत खाते हवे, पॅनकार्ड हवे. ही मिळकत आयकराच्या हिशेबात दाखवावी लागते. दहा डॉलर साठले की पोस्टाने एक पत्र येते. त्यातला आकडा भरल्यावरच पत्ता खरा मानतात. म्हणून 'मारुतीच्या देवळामागे' एवढाच पत्ता देऊ नका. घर नंबर, गल्ली, ४११०२८ हा पिनकोड, सगळे लिहा.

अलीकडे एक अडचण वाढली आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून आपल्या देशात काही प्रश्नांना गूगल स्वतःच यंत्राने तयार केलेले उत्तर सर्वांत वर दाखवते. माणूस तेवढे वाचून निघून जातो, भिंतीपर्यंत येत नाही. सासवडच्या बाजारात आज अंजिराची पाटी काय भावाने गेली, हे मात्र तिथे गेलेला माणूसच सांगणार.

कोणी तुम्हाला म्हणेल, "काका, वेबसाईटबिबसाईट काही नको. आधी पैसे भरा, मग घरी बसून जाहिरातींवर बोट लावा, दर बोटाला पाच रुपये." असल्या माणसाला दारात उभे करू नका. नोएडाच्या 'सोशल ट्रेड' योजनेत लोकांनी ५७,५०० रुपयांपर्यंत भरले होते. २०१७ च्या फेब्रुवारीत तिच्या चालकाला पोलिसांनी अटक केली. सुमारे ३,७०० कोटी रुपयांचा मामला निघाला. अहो, जाहिरात लावणारा पैसे देतो. आधी पैसे मागतो तो कसला जाहिरातवाला!

हे मी मोठ्या तोंडाने सांगतो आहे, पण चूक माझ्याही हातून झाली आहे. २०१९ ची गोष्ट. भाच्याच्या खात्यात साडेसात हजार साठले होते. मुलीच्या शाळेची फी त्यातून भरायची, असे त्याने ठरवले होते. मला वाटले, आपण मामा, हातभार लावावा. बागेत फिरायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना मी पान उघडून दिले आणि सांगितले, "दिसेल त्या जाहिरातीवर बोट लावा." आठवडाभर आम्ही इमानाने बोटे लावली. पुढच्या आठवड्यात मध्यस्थाने खाते बंद केले. साठलेले पैसे गेले. अर्ज केला, तो फेटाळला.

मला आधी राग आला. मग कळले. तीस वर्षे मी खोटी हजेरी लावणाऱ्या मुलांना बाकावर उभे केले, आणि येथे मीच खोटी हजेरी लावली होती. आमच्यापैकी कोणाला ट्रॅक्टर घ्यायचा होता? त्या दुकानदाराचे पैसे आम्ही फुकट घालवले. भाचा एवढेच म्हणाला, "मामा, राहू द्या." फी त्याने उसनी घेऊन भरली. मी देऊ केली, ती घेतली नाही.

पाने मात्र त्याने बंद केली नाहीत. आता तो मध्यस्थाकडे जात नाही. सासवडकडचा एक रोपवाटिकावाला आणि एक खताचा दुकानदार त्याच्या पानावर सरळ जाहिरात देतात. महिन्याला पाचशे-पाचशे रुपये. वाचणारी माणसे थोडी, पण अंजीर-सीताफळवालीच. त्यांना रोपे खरोखर हवी असतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा माझ्याकडे येतो आणि पावतीपुस्तक पुढे ठेवतो. माझे अक्षर चांगले आहे, म्हणून पावत्या मी लिहितो.