एकच गुडघा सुजतो तेव्हा

साहित्याच्या व्यासपीठावर गुडघ्याची कथा कशाला, असे आपल्याला वाटेल. पण ज्याला मांडी घालता येत नाही त्याला विचारून पाहा. देवघर, पंगत आणि गाण्याची बैठक ही तिन्ही ठिकाणे त्याला एकदमच परकी होतात. मी सांगणार आहे ते उतारवयात झिजणाऱ्या गुडघ्यांबद्दल नव्हे, तर तरुण किंवा मध्यमवयीन माणसाच्या सुजलेल्या एकाच गुडघ्याबद्दल.

काही वर्षांपूर्वी इथल्या तुकोजीराव कापड मार्केटात गादीवर बसणारे, तिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. उजवा गुडघा चांगलाच सुजलेला, दुखणे मात्र बेताचे. ताप नाही, मार लागल्याचे आठवत नाही, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. लक्षणे नीट लिहून घेतली आणि संधिवात समजून औषध दिले. सूज थोडी उतरे, पुन्हा चढे. ‘डॉक्टरसाहेब, बरं वाटतंय,’ असे ते म्हणत आणि मलाही ते खरे वाटे. यात आठ महिने गेले. शेवटी त्यांना एका अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे पाठवले. त्यांनी सुईने गुडघ्यातले पाणी काढले. ते गंजलेल्या नळातून यावे तसे तांबूस-तपकिरी होते.

या रंगातच उत्तराची पहिली खूण होती. निरोगी सांध्यातला द्रव थोडा, चिकट आणि फिकट पिवळसर असतो. तपकिरी रंगाचा अर्थ, आत वारंवार रक्त झिरपले आहे आणि त्यातले लोह साचले आहे. मार, रक्त न गोठण्याचा आजार किंवा रक्त पातळ करणारी औषधे यांपैकी काही नसेल, तर संशय सांध्याच्या अस्तरावर जातो.

सांध्याला आतून सायनोव्हियम नावाचे पातळ अस्तर असते. वंगणाचे काम करणारा द्रव तेच तयार करते. या अस्तरातून क्वचित सौम्य गाठी वाढतात. त्यांतली महत्त्वाची जात १९४१ साली जॅफी, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो या तिघांनी वर्णिली. तिचे नाव पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस, म्हणजे रंगद्रव्य साचलेला, झुबकेदार आणि गाठाळ असा अस्तराचा दाह. पुढे कळले की हा निव्वळ दाह नाही, ही गाठच आहे. म्हणून आज तिला टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर म्हणतात. तिच्यात मूळ बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात. त्या सीएसएफ-१ नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात बनवतात आणि त्याच्या हाकेने शरीराच्या इतर पेशी तिथे गर्दी करतात. लग्नघरी यजमान मूठभर आणि पाहुणे मांडवभर, तसा हा प्रकार. तिचा एक प्रकार एकाच जागी गाठ धरतो. त्यात गुडघा मध्येच अडकल्यासारखा होतो. दुसरा सगळ्या अस्तरभर पसरतो, आणि त्याचे सर्वांत आवडते ठिकाण गुडघाच.

तिची काही भावंडेही आहेत. सायनोव्हियल काँड्रोमॅटोसिसमध्ये अस्तरात कूर्चेचे दाणे तयार होऊन सांध्यात सुटे फिरतात. त्यांत चुना साचला तर ते एक्स-रेमध्ये दिसतात. लायपोमा आर्बोरेसन्समध्ये अस्तरावर चरबीचे झुबके फुटतात. नावातला लॅटिन शब्द झाडाचा आहे, आणि दुर्बिणीतून ते फांद्यांसारखेच दिसतात. रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा, बहुधा लहान वयात त्रास देऊ लागते.

हे ओळखायचे कसे? आधी हकिगत आणि हाताने तपासणी, मग एक्स-रे. पण एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे गुडघा स्वच्छ आहे असे नव्हे. अस्तर त्यात नीट दिसत नाही. पाणी काढले तर ते फेकून न देता प्रयोगशाळेत पाठवावे. त्यानंतर एमआरआय. साचलेले लोह त्यात काळपट दिसते आणि विशिष्ट पद्धतीने घेतलेल्या चित्रात ते डाग अधिकच ठळक होतात. चरबी वेगळी ओळखू येते. शेवटचा निवाडा मात्र अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. आपल्या देशात हा तुकडा आणखी एका कारणासाठी मोलाचा आहे. एकाच गुडघ्याची जुनाट सूज क्षयाचीही असू शकते. क्षयावर महिनोन्‌महिने औषध घ्यावे लागते; ते नुसत्या अंदाजावर सुरू करणे बरे नव्हे, आणि क्षय असताना ते न देणे त्याहून वाईट.

‘सौम्य’ या शब्दाने फसू नका. या गाठी कर्करोगासारख्या शरीरभर पसरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पहिली गाठ वाढत राहिली तर कूर्चा आणि हाड पोखरू शकते. अस्तरभर पसरलेला प्रकार शस्त्रक्रियेनंतरही पुष्कळदा उलटतो. २०१९ साली अमेरिकेत त्यावर पेक्सिडार्टिनिब या औषधाला मान्यता मिळाली. पण ते यकृताला इजा करू शकत असल्यामुळे फार जपून द्यावे लागते.

आमच्या त्या गृहस्थांना हाच पसरणारा प्रकार होता. शस्त्रक्रिया झाली, सूज गेली. ते पुन्हा गादीवर बसतात, पण उजवा पाय लांब करून. पूर्ण मांडी आता जमत नाही. ते आठ महिने वाचले असते तर जमली असती का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते महिने माझ्या हिशेबात आहेत. माझ्या गोळ्यांनी अशी गाठ विरघळत नाही, हे कबूल करण्यात कुठल्याही पॅथीचा कमीपणा नाही.

म्हणून आपल्याला एकच विनंती. घरात कोणाचा एकच गुडघा, मार न लागता, सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. ताप असेल, गुडघा लाल-गरम असेल, तर त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टर कोणत्याही पॅथीचा असो, त्याला विचारा, ‘ही सूज कशाची आहे, हे आपण कशावरून ठरवलं?’ मला त्या वेळी कोणी हे विचारले असते, तर मीही लवकर थबकलो असतो.